रोझेशियासाठी १५% अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड जेल: नागपूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर हे जेल सुरू केलं, पण मे महिना गेल्याशिवाय मत द्यायचं नाही असं ठरवलं होतं. रोझेशिया म्हणजे चेहऱ्यावर वारंवार लाली, जळजळ आणि पुटकुळ्या आणणारा त्वचेचा जुनाट विकार, आणि त्याची खरी परीक्षा उन्हातच होते.

आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली ठळक दिसत नाही. गाल तापतात, चुणचुणतात, नाकाशेजारी पुटकुळ्या उठतात आणि जो तो पिंपल्सवरचा उपाय सांगतो. पिंपल्समध्ये ब्लॅकहेड्स असतात, रोझेशियात ते नसतात. माझ्या डॉक्टरांनी आधी तेच पाहिलं, मग भिंगातून गालावरच्या बारीक शिरा.

सुरुवातीचे काही आठवडे जेल लावलं की टोचायचं, खाज यायची. आधी मॉइश्चरायझर, त्यावर वाटाण्याएवढं जेल, तेही एक दिवसाआड, असं केल्यावर सोसायला लागलं. पुटकुळ्या बसायला दोनेक महिने गेले. त्यांच्यामागे राहिलेले काळपट डागही हळूहळू फिकट झाले, आणि आपल्या त्वचेसाठी मला हाच याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. शिरा मात्र तशाच आहेत. त्यांना लेझरच लागतं.

गाल तापणंही जेलने थांबत नाही, ते स्वतः सांभाळावं लागतं. चहा कोमट करून पिते. फोडणी देताना कढईवर वाकत नाही, खिडकी उघडी ठेवते. सावजी रस्सा उन्हाळ्यात पूर्ण बंद. गाडीवर बांधायचा स्कार्फ सुती आणि सैल हवा, सिंथेटिक स्कार्फच्या आत चेहरा उकडून निघतो. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, पण रंगछटा असलेलं घ्या. साधं लावलं की चेहरा राखेसारखा दिसतो आणि मग ते लावायचंच टाळलं जातं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. गोरं करणारी म्हणून मिळणारी स्टेरॉइडची मलमं चेहऱ्याला लावू नका. चार दिवस चेहरा छान दिसतो, मलम बंद केलं की दुप्पट भडकतो, आणि स्टेरॉइडमुळेही रोझेशियासारखाच त्रास सुरू होतो. 2018 पासून अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी काउंटरवर ती सहज मिळतात. मैत्रिणीने सुचवलेल्या ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर ती चेहऱ्यापासून लांब ठेवा. आधीच लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

सध्या जेल दिवसातून एकदाच लावते आहे. पुटकुळ्या परत आल्या नाहीत तर आणखी काही महिने हेच चालू ठेवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय.