चंद्रपूरच्या घरात एअर प्युरिफायर: हिवाळ्यात घ्यावाच, उन्हाळ्यात मात्र कूलरपुढे हतबल

चंद्रपुरात प्युरिफायर घेऊन फायदा होतो का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे तो मामाजींसाठी घेतला. मामाजी म्हणजे माझे सासरे; ते वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, खुल्या खाणीतून निवृत्त झाले. दमा जुना आहे, आणि थंडी पडली की रात्र बसून काढायची वेळ येते.

मशीन साधारण चौदा हजारांचं. त्यात एच 13 दर्जाचा हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा, फिल्टर, जोडीला कार्बनचा पातळ थर, आणि तासाला 300 घनमीटर हवा गाळायची क्षमता. दुकानात "इतक्या चौरस फुटांना चालतो" असं सांगतात, त्यावर जाऊ नका. बारा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे सुमारे 41 घनमीटर हवा. ती तासात सातेकदा गाळली जाते. दम्याच्या माणसासाठी पाचपेक्षा कमी चालवून घेऊ नये.

डिसेंबरात संध्याकाळी गल्लीत कोळशाच्या शेगड्या पेटल्या, धूर खालीच साचला, की मशीनच्या पडद्यावर पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा दीडशेच्या पुढे जातो. दार-खिडक्या लावून मशीन जोरात ठेवलं की अर्ध्या तासात तो तीसच्या आत येतो. आपल्या देशाची 24 तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. पंधराच्या खाली आमची खोली क्वचितच जाते, पण मामाजी आडवे होऊन झोपतात. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

आता उन्हाळा. मार्चपासून विदर्भात कूलरशिवाय भागत नाही, आणि कूलरला खिडकी उघडी लागते. तो बाहेरची हवा ओढून ओल्या ताट्यांतून घरात ढकलतो. जाड धूळ ताट्यांत अडकते, बारीक कण सरळ आत येतात. अशा खोलीत प्युरिफायर रात्रभर चालवला तरी आकडा हलत नाही. खिडक्या बंद करायच्या तर एसी हवा, आणि एसीचं बिल आमच्या पेन्शनीत बसत नाही. या मशीनच्या जाहिरातींत कायम बंद, थंडगार खोली दिसते. 46 अंशांतलं आमचं घर त्यात कुठेच नसतं.

फिल्टरचा खर्चही धरून चाला. वर्षभर टिकेल असं खोक्यावर लिहिलंय, पण आमचा हिवाळ्यानंतरच काळाठिक्कर पडला. नवा तीन हजारांच्या आसपास. बाहेरची जाळी दर रविवारी धुवा, त्याने हेपाचं आयुष्य वाढतं. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वास मशीनने जाईल, असा मात्र फार भरवसा ठेवू नका. कार्बनचा एवढासा थर वायूला पुरत नाही.

तो वायू मुळाशीच अडवायला हवा. कोळशावरच्या वीजकेंद्रांसाठी गंधकाच्या धुराचे नियम केंद्राने 2015 मध्ये केले, आणि मग मुदती पुढे पुढे ढकलल्या. इथलं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं, भोवती खाणी, घुग्घुस-गडचांदूरकडे सिमेंट. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांनी देशात चौथं होतं. ज्या माणसाने नोकरीभर राज्याच्या विजेसाठी कोळसा काढला, त्याने म्हातारपणी श्वासासाठी पेन्शनीतून मशीन घ्यावं, याचा मला मनापासून राग येतो. आणि ज्यांच्या घरात ती शेगडी पेटते, त्यांना हे चौदा हजार आणायचे कुठून? त्यांना गॅसचं सिलिंडर परवडलं पाहिजे, ते आधी.

तरीही घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल आणि जमत असेल, तर घ्या. एकच खोली निवडा, दाराखालची फट कापडाने बुजवा, त्या खोलीत उदबत्ती-धूप लावू नका, केर काढण्याऐवजी ओलं पुसा. सकाळी ऊन वर आल्यावर थोडा वेळ खिडकी उघडा, कारण कोंडलेली हवा हे मशीन ताजी करत नाही. दिवाळीआधीच खरेदी करा, आणि पैसे देण्यापूर्वी फिल्टर गावात मिळतो का ते विचारा. आमचा नागपूरहून मागवावा लागतो.