जिप्सीचा कॅम कोल्हापुरात ग्राइंड करून घेतला – ६००० किमी चालवल्यानंतरचा अनुभव

बरेच जण विचारत होते म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. गाडी मारुती जिप्सी एमजी४१३डब्ल्यू, १२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन, १६ व्हॉल्व, एमपीएफआय, कंपनीच्या कागदावर ८० बीएचपी. काम म्हणजे कॅमशाफ्टचं (व्हॉल्व उघडणारा दांडा, त्यावरचे फुगीर भाग म्हणजे लोब) कस्टम ग्राइंडिंग, म्हणजे लोब घासून त्यांचा आकार बदलणं. वर्कशॉप कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीच्या बाजूला, एक सत्तरीच्या आसपासचे आण्णा आणि त्यांचा मुलगा मिळून चालवतात. नाव टाकू नको असं त्यांनी स्वतः सांगितलंय, हातात काम आधीच भरपूर आहे, म्हणून टाकत नाही, पण तिथल्या कुठल्याही जुन्या इंजिन रिबिल्डवाल्याला "कॅम घासणारे आण्णा" विचारलं की तो पत्ता सांगतो.

आधी हे सांगायला पाहिजे की हा माझा दुसरा कॅम. पहिला दुसऱ्या एका शहरात करून घेतला होता, दुकानाचं नाव घेत नाही. तिथं कुणी काही विचारलंच नाही, गाडी कशाला वापरतोस, व्हॉल्व स्प्रिंग कुठल्या आहेत, रॉकर (लोबचा धक्का व्हॉल्वपर्यंत नेणारे) नवे की जुने, काही नाही, जुना कॅम दिला आणि तीन दिवसात "स्टेज टू" म्हणून परत मिळाला. पहिले दोन हजार किमी गाडी एकदम मस्त पळाली, मग वरून टिक टिक सुरू झालं, टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्वमधली फट) सेट केले की आठवडाभर गप्प आणि परत तेच. चार हजारला ऑइल फिल्टर कापून बघितला तर कागदाच्या घड्यांमध्ये चंदेरी चुरा. व्हॉल्व कव्हर काढलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट लोबचं नाक (सगळ्यात उंच टोक) जवळजवळ दीड मिमी बसलेलं आणि रॉकरच्या पॅडवर (लोबला टेकणाऱ्या भागावर) नखानं कळेल एवढा खड्डा.

तोच मेलेला कॅम घेऊन मी आण्णांकडे गेलो.

आण्णांनी कॅम हातात घेतला, फडक्यानं पुसला, व्ही ब्लॉकवर ठेवला आणि काही न बोलता ड्रॉवरमधून एक बारीक कानस काढली. एका चांगल्या दिसणाऱ्या लोबच्या कडेला, नाकापाशी, हलकेच ओढली. कानस काचेवरून घसरावी तशी सर्रकन घसरली, ओरखडासुद्धा नाही. मग तीच कानस बसलेल्या लोबवर ओढली तर ती खर्र करून धरली आणि बोटाला राखाडी भुकटी लागली. "बघा पाव्हणं," म्हणाले, "चिल संपलंय. खालचं मऊ बीड उघडं पडलंय. ह्येला तेल कुठलंबी घाला, ऱ्हाणार न्हाई." नंतर मुलानं हार्डनेस टेस्टरवर दाखवलं, चांगल्या लोबवर ५० एचआरसीच्या (कडकपणाचं माप) आसपास आणि खराब लोबवर तिशीच्याही खाली.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा पैसा इथंच वाया जातो. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांचे कॅम चिल्ड कास्ट आयर्नचे, म्हणजे बिडाचे. ओतताना साच्यात लोबच्या जागी लोखंडाचे चिल ठेवतात, तिथं रस एकदम थंड होतो आणि वरचा थर पांढरं बीड बनतो, त्यात कार्बाइड असतं आणि ते प्रचंड कडक. मधला दांडा सावकाश थंड होतो म्हणून राखाडी आणि मऊ राहतो, त्यामुळे सहज मशीन होतो आणि पटकन मोडत नाही. सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ पासून याच प्रकारचे कॅम ओतते आणि जगभरच्या कार कंपन्यांना पुरवते, म्हणजे ही काही जुनाट किंवा स्वस्तातली गोष्ट नाही. फक्त तो कडक थर काही मिमीचाच असतो आणि तो नाकाला जास्त आणि बेस सर्कलकडे (लोबच्या खालच्या गोल भागाकडे) कमी असतो. रीग्राइंड करताना माल वाढवता येत नाही, फक्त काढता येतो. नुसती लिफ्ट (व्हॉल्व किती उघडतो ते) वाढवायची तर बेस सर्कल खाली न्यायचं, नाक तसंच ठेवायचं, एवढ्यात भागतं. पण ड्युरेशन (व्हॉल्व किती अंश उघडा राहतो ते) जास्त पाहिजे तर नाक रुंद लागतं, आणि रुंद नाक जुन्या अरुंद नाकातून काढायचं म्हणजे सगळा लोबच खाली न्यावा लागतो. माझ्या पहिल्या कॅमला नेमकं हेच झालं होतं, दुकानदारानं मोठा आकडा काढून दिला आणि चिलचा थर त्यातच गेला.

मी गेलो होतो ते स्टीलचा बिलेट कॅम (ओतलेला नाही, अखंड स्टीलमधून कापलेला) करायचाच असं ठरवून. ऑनलाइन सगळीकडे हेच वाचायला मिळतं की बिडाचा कॅम म्हणजे कामचलाऊ आणि बिलेट म्हणजे खरा रेसिंगवाला. आण्णांनी बिलेटला नाही म्हटलं, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. जिप्सीचा रॉकर रोलरवाला नाही, त्याला पॅड आहे, तो लोबवर घासत जातो. घासत्या कामाला चिल्ड बीड फार चांगलं, त्यात कार्बाइड झीज थांबवतं. तिथं स्टीलचा लोब घातला आणि समोरचा पॅड त्याला जुळणाऱ्या धातूचा नसला तर दोन्ही एकमेकांना चिकटून ओरबाडतात. म्हणजे कॅमचा धातू एकट्याचा निवडायचाच नसतो, जोडी निवडायची असते. रोलर रॉकर असेल तर गोष्ट उलटी, रोलर लोबला एका बारीक रेषेत टेकतो आणि तिथं दाब इतका जास्त की बिडाचा पृष्ठभाग सोलपटत जातो, तिथं ८६२० सारखं केस कार्बराइझ केलेलं स्टील पाहिजे, नाहीतर ५१५० सारखं इंडक्शन हार्डन केलेलं. ईएन४०बी नायट्राइड करूनही कॅम करतात, तो खूप कडक होतो पण थर अगदी पातळ, त्यामुळे नायट्राइड झाल्यावर परत ग्राइंडिंगला हात लावायचा नाही. आणि हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचे कॅम तर पोकळ नळीवर वेगवेगळे लोब बसवून केलेले असतात, असा कॅम आला तर आण्णा रीग्राइंडला घेतच नाहीत, सरळ परत पाठवतात.

मग ठरलं असं, की नवाकोरा स्टॉक (कंपनीचा मूळ) बिडाचा कॅम घ्यायचा, चिल पूर्ण शाबूत असलेला, आणि त्याच्यातून जेवढं झेपेल तेवढंच काढायचं. नवे रॉकर सोबतच घ्यायचे. जुना रॉकर नव्या लोबवर ते बसवूच देत नाहीत.

त्यांनी मला जवळजवळ पाऊण तास प्रश्न विचारले आणि एका वहीत लिहून घेतले. गाडीचं वजन, टायरचा साइज, गिअर रेशो, कम्प्रेशन किती, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्टॉक की बदललेला, ऑटोक्रॉस (मैदानातली वेळेवरची शर्यत) किती वेळा आणि रोजचं ऑफिस किती. मी हौसेनं २५० अंशाच्या आसपासचं ड्युरेशन मागत होतो, त्यांनी १ मिमी लिफ्टवर २२८ अंश आणि लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या नाकांमधला कोन) ११० असं लिहून दिलं. कारण सांगितलं ते असं. मोठं ड्युरेशन म्हणजे इनटेक व्हॉल्व उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला सिलिंडरमध्ये भरलेली हवा परत बाहेर ढकलली जाते, कम्प्रेशन न वाढवता असा कॅम टाकला की खालचा सगळा दम जातो, आणि जिप्सीसारख्या उंच जड गाडीला खालचाच दम लागतो. दुसरं म्हणजे लोब सेपरेशन कमी केलं की ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे असण्याचा काळ) वाढतो, आयडलला व्हॅक्यूम पडतो, इनटेकचा दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरला वाटतं लोड आलाय आणि ईसीयू पेट्रोल वाढवत बसतो, शिवाय ब्रेक बूस्टरचंही व्हॅक्यूम कमी होतं. आणि हे इंजिन सिंगल कॅमचं, इनटेक एक्झॉस्ट दोन्ही लोब एकाच दांड्यावर, त्यामुळे सेपरेशन एकदा ग्राइंड केलं की केलं, अॅडजस्टेबल पुलीनं पूर्ण कॅम पुढंमागं होतो पण दोन लोबमधलं अंतर बदलत नाही. ट्विन कॅमवाल्यांना ही मोकळीक असते, आपल्याला नाही.

मशीनबद्दल थोडं. त्यांच्याकडे जुना कॉपी ग्राइंडर आहे, म्हणजे मागे एक मास्टर कॅम फिरतो आणि त्याच्या आकाराप्रमाणे टेबल झुलत पुढं आपला कॅम घासला जातो. भिंतीवर मास्टर टांगलेत, प्रत्येकावर पंचनं नंबर. मला वाटायचं मास्टर असला की काम झालं, पण तसं नसतं. मास्टर एका ठराविक व्यासाच्या चाकासाठी बरोबर असतो, चाक ड्रेस करून करून लहान झालं की लोबच्या बगलेचा आकार हळूहळू बदलत जातो. आण्णा चाकाचा व्यास रोज मोजून खडूनं मशीनवर लिहितात आणि एका मर्यादेखाली गेलं की ते चाक दुसऱ्या कामाला वापरतात. हे मी स्वतः बघितलं. शेवटचे कट इतके बारीक की ठिणग्या जेमतेम दिसतात, आणि कूलंट सतत वाहतं. घाईत खोल कट घेतला तर पृष्ठभाग जळतो, तपकिरी निळसर डाग येतो, कडकपणा तिथंच उतरतो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात. ग्राइंडिंग झाल्यावर फॉस्फेटिंग करून कॅम काळा केला, तो खरबरीत काळा थर सुरुवातीला तेल धरून ठेवतो.

आता तक्रारी, कारण आहेत. दोन आठवडे सांगितलं आणि पाच आठवडे लागले. मधे फोन उचलत नाहीत, मला साताऱ्याहून दोन वेळा फुकट चक्कर पडली. कॅम कार्ड (कॅमच्या मापांचा कागद) मागितल्याशिवाय मिळालं नाही, मिळालं ते हातानं लिहिलेलं आणि लिफ्टचे आकडे इंचात, बाकी सगळं मिमीत. पैसे रोख. नवा कॅम, रॉकर, ग्राइंडिंग, फॉस्फेटिंग सगळं धरून मला तेवीस हजाराच्या आत पडलं, बिलेटचा अंदाज त्यांनीच याच्या दुपटीहून जास्त सांगितला होता. म्हणजे गिऱ्हाईक महागाचं मागत होतं आणि त्यांनी स्वस्तातलं पण बरोबर काम केलं. मला हे फार मोठं वाटतं.

घरी आणल्यावर मी डिग्री व्हील (अंश दाखवणारी चकती) आणि डायल गेज लावून सगळे इनटेक लोब मोजले, लिफ्टमध्ये दोन लोबमधला फरक ०.०२ मिमीच्या आत. बेस सर्कल ०.६ मिमीनं खाली गेलं होतं, तेवढं रॉकरच्या स्क्रूमध्ये निघालं, पण पॅडवर लोब नेमका कुठं टेकतो हे निळा रंग लावून तपासलं, पट्टा पॅडच्या कडेवरून उतरत नव्हता. पिस्टनवर चिकणमाती ठेवून इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवलं, माती कापून मोजली, व्हॉल्व आणि पिस्टनमध्ये भरपूर जागा. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यात १ मिमीपेक्षा जास्त फट शिल्लक. हे सगळं करायला एक रविवार जातो, पण करा, ग्राइंडर कितीही चांगला असला तरी करा.

रनइनबद्दल (नवा कॅम पहिल्यांदा चालवून बसवणं) आण्णांनी तीन वेळा बजावलं होतं. लोबवर मॉली पेस्ट, स्टार्ट झाल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएम आणि वीस मिनिटं खाली यायचं नाही, आयडल करायचा नाही, कारण आयडलला लोबवर उडणारं तेल कमी आणि नाकावर स्प्रिंगचा दाब सगळ्यात जास्त. तेल बदलून झिंकवालं २०डब्ल्यू५० घातलं. हल्लीच्या ५डब्ल्यू३० एपीआय एसएन, एसपी तेलात फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर अडवलेला असतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचावा म्हणून, आणि घासणाऱ्या पॅडला तेच झेडडीडीपी (झिंक आणि फॉस्फरसचं झीज रोखणारं रसायन) लागतं. वीस मिनिटांनी तेल आणि फिल्टर काढला, फिल्टर कापला, कागदावर नुसती मॉलीची काळसर झाक, चकाकी कुठंच नाही. त्या दिवशी मी खरंच शांत झोपलो.

गाडी कशी चालते. आयडल साधारण १००० वर ठेवावा लागतो, थोडा ढकढक आवाज आहे पण बंद पडत नाही, एसी तर हिच्यात नाहीच. २५०० च्या खाली स्टॉकपेक्षा किंचित सुस्त, खोटं सांगणार नाही. पण ३५०० नंतर जी ओढते ती पूर्वी नव्हतीच, खंबाटकी चढताना तिसऱ्यात पूर्वी ५००० च्या पुढं नुसता आवाज वाढायचा, आता तिथंच ती पुढं सरकते. ऑटोक्रॉसला दुसऱ्या गिअरमध्ये लांबचा टप्पा शिफ्ट न करता निघतो, ते माझ्यासाठी सगळ्यात कामाचं. ब्रेक जसाच्या तसा. पेट्रोल शहरात लिटरमागे अर्धा पाऊण किमीनं घटलं.

कॅम आणि रॉकरची जोडी टिकतेय का हे बघायला टॅपेटची फट उपयोगी पडते, पॅड झिजला की फट वाढते. मी १०००, ३००० आणि गेल्या आठवड्यात ६००० ला थंड इंजिनवर सगळ्या सोळाच्या सोळा तपासल्या आणि वहीत लिहिल्या. १००० ला दोन किंचित बदलल्या होत्या, त्या सेट केल्या. ३००० ला काही नाही. ६००० ला तीच फीलर पट्टी सोळाही ठिकाणी तेवढ्याच ओढीनं गेली, एकही नट सोडावा लागला नाही, कव्हर परत बसवलं.

जाणार असाल तर कॅम एकटा नेऊ नका, हेड, रॉकर आणि स्प्रिंग सोबत न्या, आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी मशीन बंद असते.