स्वस्तातली कोनमापकं: एक पावसाळा वापरल्यानंतर

सुतारकामासाठी स्वस्त कोनमापक घ्यावं का, याचं माझं उत्तर हो असं आहे. फक्त पाकिटावरचा आकडा बघून घेऊ नका. ‘अचूकता ०.२ अंश’ असं बरेच जण छापतात. घट्ट केल्यावर कोन जागेवर राहतो की नाही, हे तिथे कुणी लिहीत नाही आणि काम तर त्यावरच अवलंबून असतं.

माझ्याकडे चार वस्तू आहेत: सरकत्या पात्याचा बेव्हल (मुठीत स्क्रूने हव्या त्या कोनात आवळता येणारं पातं, त्यावर आकडे नसतात), हात असलेला स्टीलचा कोनमापक, दोन पट्ट्यांचा डिजिटल कोनमापक आणि चुंबक लावलेली डिजिटल डबी. चारही मिळून अडीच हजारांच्या आसपास. काम गोव्यात डिचोलीजवळच्या शेडमध्ये: देव्हारे, चवथीची मखरं, माटोळीच्या (गणपतीच्या वर फळंफुलं टांगायच्या) चौकटी, आणि गावातल्या जुन्या घरांतली कपाटं.

जुन्या घरांमुळेच बेव्हलला मी पहिला नंबर देतो. चिऱ्याच्या भिंती, वर कित्येकदा केलेला गिलावा. खोलीचा कोपरा सरळ नव्वद अंशाचा मिळाला तर नवल. अशा कोपऱ्यात फळी बसवायची तर कोन किती अंशांचा आहे हे कळून उपयोग काय? बेव्हल कोपऱ्यात दाबायचा, स्क्रू आवळायचा, तसाच फळीवर ठेवून रेघ मारायची. आकडा मध्ये आलाच नाही, म्हणजे वाचताना होणारी चूकही आली नाही. आकड्यानेच कोन लावायचा असेल तरी बेव्हल पुरतो. साडेबावीस अंशांसाठी फळीच्या सरळ कडेवर १०० मिलीमीटर आडवे आणि तिथून काटकोनात ४१.४ मिलीमीटर उभे मोजा, दोन टोकं जोडा आणि पातं त्या रेघेला लावा.

खोट एकच. माझ्या बेव्हलची मूठ लाकडी आहे. जुलैत ती फुगली आणि पातं खाचेत जाम झालं. खाच आतून पॉलिश पेपरने जरा घासली, तेव्हा सुटलं. पुन्हा घ्यायचा झाला तर धातूच्या मुठीचाच घेईन.

दोन पट्ट्यांचा डिजिटल दिसायला सगळ्यांत देखणा, पण माझा भरवसा त्याच्यावर सगळ्यांत कमी. कोन लावा, पडद्यावर ४५.० दिसू दे, आणि नट आवळताना शेवटच्या आकड्याकडे बघत राहा. माझ्याकडचा ४५.२ वर सरकतो. म्हणून नट आधी अर्धवट आवळून मग पट्टी हलवतो. शून्य करताना दोन्ही पट्ट्या काचेच्या कडेला टेकवतो, नुसत्या हाताने मिटवत नाही. पडदा बंद असला तरी त्याची बॅटरी उतरते, त्यामुळे काम झालं की काढून ठेवतो.

चुंबकाची डबी मात्र मनापासून आवडली. आधी एक गोष्ट नीट समजून घ्या: ती गुरुत्वाकर्षणावर चालते. उभ्या प्रतलातला कल ती दाखवते. टेबलावर आडव्या ठेवलेल्या फळीची तिरकी रेघ तिला कळत नाही. करवतीचं पातं कलतं करायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. मशीनचा प्लग काढायचा, डबी मशीनच्याच टेबलावर ठेवून शून्य करायची, मग दाते सोडून पात्याला तळाच्या चुंबकाने चिकटवायची. सरळ पात्याला ९० दिसतं, म्हणून साडेबावीस हवे असतील तर पडद्यावर ६७.५ आणायचे.

इतकी काटेकोरी कशाला, तर मखराच्या अष्टकोनी बैठकीचा हिशोब बघा. आठ फळ्या, सोळा काप, प्रत्येक साडेबावीस अंशांचा. प्रत्येक कापात पाव अंश एकाच बाजूला चुकला तर सोळा वेळा मिळून चार अंश होतात, आणि ते सगळे शेवटच्या सांध्यात दिसतात. वीस मिलीमीटर जाडीच्या फणसाच्या फळीत ती फट जवळपास दीड मिलीमीटरची. पॉलिशखाली ती लपत नाही.

म्हणून डबीवरही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. त्याच जाडीच्या तुकड्यातून साडेबावीस अंशांच्या चार पाचरी कापतो आणि टोकाला टोक लावून गुण्यात (काटकोन तपासायच्या साधनात) बसवतो. चारही मिळून काटकोन भरला तर पातं बरोबर लागलं आहे. उजेडासमोर धरलं की चार कापांची चूक एकदमच दिसते.

गंजाचं थोडक्यात: मशीनचं तेल पुसटसं लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. डबीच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, तो दरवेळी पुसा. एक कण राहिला तरी डबी तिरकी बसते. स्टीलच्या कोनमापकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खुणा एकेक अंशाच्या, अर्धा अंश अंदाजानेच. कागदावर आराखडा काढायला छान.

फोंड्यात किंवा म्हापशात दुकानातून घेणार असाल तर पैसे देण्याआधी दोन मिनिटं मागून घ्या. बेव्हल घट्ट करून पात्याच्या टोकावर बोटाने दाबा. हलला तर परत द्या. डबी काउंटरवर ठेवून शून्य न करता आकडा बघा, मग त्याच जागी उलट तोंडाने फिरवून पुन्हा बघा. काउंटर तिरका असला तरी चालेल. एकीकडे ०.६ चढ असेल तर दुसरीकडे ०.६ उतार दिसला पाहिजे. आकड्यांत फरक आला तर त्या फरकाच्या निम्मी चूक डबीची. गुण्याचीही परीक्षा अशीच: एक रेघ मारा, गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघा फाकल्या तर दुसरा गुण्या दाखवायला सांगा.