बरडाची माती आणि चाळणीवर राहिलेले दगड

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगे ते आष्टी या पट्ट्यात आमचे नऊ एकर वावर आहे. त्यातले चार एकर नाल्याकाठचे काळे, आणि उरलेले पाच एकर टेकडीच्या उतारावरचे बरड, म्हणजे उथळ दगडाळ जमीन, जिथे आमच्या आजोबांपासून गवळाऊ जातीची जनावरे चारण्यापलीकडे कोणी काही केलेले नाही. त्या बरडावर चांगले गवत धरावे, या विचाराने यंदा उन्हाळ्यात तालुक्याच्या ठिकाणच्या एका खासगी माती परीक्षण केंद्राला बोलावले. वावरात येऊन नमुना नेण्याची त्यांची सेवा आहे. एका नमुन्याचे 450 रुपये, येण्याजाण्याचे वरून 150, आणि अहवाल आठ दिवसांत मिळेल असे सांगितले होते. नऊ दिवस लागले, त्याबद्दल तक्रार नाही.

नमुना घ्यायला आलेला मुलगा कामाला चोख होता. काळ्या वावरात त्याने इंग्रजी ‘व्ही’सारखे खड्डे केले, कडेची माती घमेल्यात घेतली, ढीग पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले आणि असे करत अर्धा किलो माती पिशवीत भरली. बरडावर मात्र पहिल्याच घावाला सब्बल खणकन वाजली. “काकाजी, इथं तं सारा दगडच हाय. त्या बोरीखालची घेऊ का?” असे त्याने विचारले. बोरीच्या झुडपाखाली वरून वाहून आलेली माती साचते, पालापाचोळा कुजतो, शेळ्या बसतात. तिथला नमुना घेतला असता तर पाच एकरांचा अहवाल त्या एका बोरीचा झाला असता. मी नाही म्हटले, तेव्हा त्याने मुकाट्याने टिकास घेऊन उतारावर पाच ठिकाणी माती खरडून काढली.

अहवाल रंगीत आणि वाचायला सोपा होता. बरडाच्या नमुन्याचा सामू (पीएच) 7.6, सेंद्रिय कर्ब 0.58 टक्के, उपलब्ध नत्र (नायट्रोजन) हेक्टरी 188 किलो, स्फुरद (फॉस्फरस) 14 आणि पालाश (पोटॅश) 390. नत्र कमी आणि पालाश भरपूर, हे आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या मातीला धरूनच आहे. आकडे खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही. ते चाळणीखाली पडलेल्या मातीचे आहेत आणि माझे बरड तेवढ्या मातीचे नाही, ही माझी अडचण आहे.

प्रयोगशाळेत माती वाळवून, कुटून 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. वर राहतात ते खडे फेकले जातात, आणि त्यांचे वजन कुठे लिहून ठेवले जात नाही. पुढे हेक्टरी किलो काढताना वरच्या 15 सेंटिमीटर थरात हेक्टरी सुमारे 22 लाख 40 हजार किलो माती आहे असे धरतात. भारी जमिनीला हे गृहीतक चालून जाते. मी बरडावरची दहा किलो माती खणून घरच्या चाळणीने चाळली, तर 4 किलो 600 ग्रॅम दगड वर राहिले. म्हणजे अहवालातले 188 किलो नत्र माझ्या वावरात ढोबळमानाने शंभराच्या घरात येते. दगड मातीपेक्षा जड, म्हणून हा हिशेब थोडा इकडेतिकडे होईल, पण 188 काही होणार नाही.

दुसरा दोष खोलीचा: माती किती खोल आहे, हे अहवालात कुठेच नव्हते. शिवाय मी स्पष्टपणे ‘गवत’ असे लिहून दिले असताना शिफारस सोयाबीन आणि कपाशीच्या खतमात्रेची आली. फोन केला तेव्हा त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गवताचा पर्याय नाही असे उत्तर मिळाले. मात्र त्यांनी तोच मुलगा पुन्हा, पैसे न घेता, पाठवला, हे नोंदवलेच पाहिजे. आम्ही दोघांनी मिळून फूटभर खोल खड्डा घेतला. वर 18 सेंटिमीटर तांबूस तपकिरी माती होती, तिच्याखाली काळ्या वावरात असतो तसा चिकण मातीचा थर नव्हता, थेट पिवळट मुरूम लागला. मुरमाच्या फटींमध्ये पांढरी चुनखडी बसलेली होती. मुलाने तिच्यावर विरळ आम्लाचे दोन थेंब टाकताच ती फसफसली. कुसळी गवताची मुळे वरच्या मातीत आडवी पसरलेली होती, पण दोन-तीन मुळे मात्र एका फटीत शिरून आमच्या खड्ड्याच्याही खाली गेलेली दिसली.

मृदा सर्वेक्षणाच्या भाषेत 25 सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीची जमीन अतिउथळ धरतात. अशी माती पाणी किती धरते, हे अहवालातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. 18 सेंटिमीटर माती, त्यातून दगडांची जागा वजा केली तर पिकाला मिळू शकणारे पाणी वीस मिलिमीटरच्या आसपासच उरते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कोरड्या उघडिपीत गवत दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी ओढते, म्हणजे साठा चार-पाच दिवसांचा. मीटरभर खोल काळ्या जमिनीत हाच साठा दीडशे-दोनशे मिलिमीटर असतो. पश्चिम राजस्थानच्या खडकाळ चराऊ रानात पाऊसच अपुरा, इतका की चुना पुरता धुऊन निघून जात नाही आणि त्याचे कंकराचे, म्हणजे चुन्याच्या खड्यांचे, थर बनतात. आपल्याकडे पाऊस त्याच्या कित्येक पट पडतो, तरी बरडावरचे गवत दिवाळीआधी वाळते, कारण पडलेले पाणी साठवायला भांडेच नाही.

‘दगडगोटे वेचून घ्यावेत’ या अहवालातल्या सूचनेशी मी सहमत नाही. उतारावरचे वरचे दगड थेंबांचा मार झेलतात आणि खालची ओल जपतात. ते उचलले की उरलेली थोडीशी मातीही एका पावसात नाल्यात जाईल. मोठे धोंडे समपातळीत रचायला हरकत नाही, बारीक खडे तिथेच राहू द्यावेत.

सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेतही, जी योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे सुरू झाली, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये असे 12 गुणधर्म तपासले जातात. खोली आणि दगड त्यांत नाहीत. त्यामुळे या एकाच केंद्राला दोष देणे अन्यायाचे होईल.

काळ्या वावरासाठी ही सेवा मी पाचपैकी चार गुणांची मानतो. बरडासाठी दोन, आणि त्यातला एक त्या मुलाच्या टिकासाचा. उथळ जमीनवाल्यांनी पैसे देण्याआधीच खोली आणि दगडांचे वजन अहवालावर लिहून देणार का, हे विचारावे. मी विचारले तेव्हा ते हाताने लिहून शिक्का मारून द्यायला तयार झाले, आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.