‘स्मॅश हिट्स’ की ‘एनएमई’: टीनएजरच्या हातात काय द्यायचं?

टीनएजरसाठी संगीताचं नियतकालिक काढायचं, तर ब्रिटनमधले दोन टोकांचे नमुने समोर येतात: ‘स्मॅश हिट्स’ आणि ‘एनएमई’ (न्यू म्युझिकल एक्सप्रेस). गंमत अशी, की या दोन टोकांना जोडणारा माणूस एकच. निक लोगन आधी ‘एनएमई’चा संपादक होता आणि 1978 मध्ये त्यानेच ‘स्मॅश हिट्स’ काढलं.

‘एनएमई’ 1952 मध्ये सुरू झालं आणि 2018 पर्यंत छापील साप्ताहिक होतं. वर्तमानपत्री कागद, बोटांना लागणारी शाई, बारीक टाइपातले लांबलचक रकाने. वाचणाऱ्याला संगीत कळतं हे गृहीतच. मोठ्या भावाने वाचावं आणि धाकट्याने चोरून बघावं, असा एकूण थाट.

‘स्मॅश हिट्स’ पाक्षिक होतं आणि गुळगुळीत, रंगीत. त्याचं खरं भांडवल म्हणजे गाण्यांचे छापील शब्द. रेडिओवर अर्धंमुर्धं ऐकलेलं गाणं समोर शब्द धरून म्हणता यायचं. त्यामुळे अंक जपला जायचा, मैत्रिणींत फिरायचा. मधल्या पानांचा पोस्टर पिना उचकटून थेट भिंतीवर! डिझायनरसाठी धडा इथेच आहे: पान फाडून काढलं जाणार हे धरूनच मांडणी करायची. पोस्टरच्या पाठीमागे महत्त्वाची मुलाखत छापली, तर ती भिंतीकडे तोंड करून बसणार.

शब्द फोटोवर पांढऱ्या अक्षरांत छापायचा मोह मात्र आवरावा. छपाईत रंग केसभर सरकला तरी बारीक अक्षरं बुजतात.

तेरा-चौदा वर्षांच्या वाचकासाठी मी डोळे मिटून ‘स्मॅश हिट्स’चा साचा घेईन. सतरा-अठराच्या मुलांना मात्र तो बाळबोध वाटेल. त्यांना ‘एनएमई’सारखे भांडखोर रकानेच हवेत.