पट्ट्याचं की हायड्रोचं? व्यावसायिक वॉक-बिहाइंड लॉन मोवर निवडताना

एकर-दोन एकर लॉन नियमित कापायचं काम अंगावर असेल तर २१ इंची घरगुती मोवर पुरत नाही. बसून चालवायचं मशीन अरुंद फाटकातून आत जात नाही आणि झाडांच्या आळ्यांभोवती वळतही नाही. ही मधली जागा वॉक-बिहाइंडची. साधारण ३२ ते ५२ इंचांचा डेक, म्हणजे पाती झाकणारा खालचा पत्र्याचा भाग, चाकांना इंजिनाची ताकद आणि मागे हँडल धरून चालणारा माणूस. दुकानात बोलणं लगेच हॉर्सपॉवरवर येतं. माझ्या मते तो प्रश्न फार तर तिसऱ्या नंबरचा. आधी बघायचं ते चाकांपर्यंत ताकद कशी पोचते ते: पट्टे आणि गिअरबॉक्समधून, की हायड्रॉलिक पंपातल्या ऑइलमधून. जोडणी किती अवघड, उतारावर मशीन कसं वागणार, दर आठवड्याला काय तपासायचं, हे सगळं यावरूनच ठरतं.

दोन्ही प्रकारांत चांगली मशीन्स आहेत. मी त्यांच्याकडे एकाच नजरेने बघतो: बिघाड व्हायला लागला की तो चालवणाऱ्याला कळतो का, आणि कधी कळतो? पट्ट्याचं मशीन बिघडताना आधी कुरकुर करतं. पट्टा चिरकतो, घसरतो, जळका वास येतो. हायड्रो बराच काळ गप्प राहतं आणि मग महागात पडतं. पण चालवताना होणाऱ्या चुका हायड्रो जास्त सांभाळून घेतं. निवड या दोहोंमधली आहे.

हातात कसं लागतं

पट्ट्याच्या मशीनमध्ये इंजिनाचा पट्टा गिअरबॉक्सला आणि तिथून दोन पट्टे दोन चाकांना जातात. वेग गिअरने ठरतो, बहुतेक वेळा पुढचे पाच. हँडलवर दोन पिस्तूल-ग्रिप लिव्हर असतात. लिव्हर थोडी दाबली की त्या बाजूचा पट्टा सैल होतो, पूर्ण दाबली की चाकावरचा ब्रेक लागतो. डावीकडे वळायचं तर डावी लिव्हर दाबायची. या ‘थोडी’ आणि ‘पूर्ण’च्या मधे एक टप्पा असा येतो की चाक सुटलेलं असतं आणि ब्रेक अजून लागलेला नसतो. सपाटीवर तो जाणवतही नाही. उतारावर मात्र दोनशे किलोचं मशीन तेवढ्या क्षणात पुढे धावतं आणि नवखा माणूस घाबरून लिव्हर सोडतो. लिव्हर सुटली की चाकाला पुन्हा ताकद मिळते. म्हणजे थांबायला दाबायचं आणि सोडलं की पळायचं. माणसाच्या सहज प्रतिक्रियेच्या हे बरोबर उलट आहे, आणि पट्ट्याच्या मशीनबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

हायड्रोमध्ये प्रत्येक चाकाला वेगळा पंप आणि वेगळी मोटर. गिअर नाहीत, वेग शून्यापासून वरपर्यंत सलग वाढतो आणि रिव्हर्सही त्याच लिव्हरवर मिळतो. लिव्हर न्यूट्रलला आणली की ऑइलच चाकांना अडवतं, म्हणून उतारावर मशीन आवरायला सोपं जातं. एक चाक पुढे, एक मागे करून जागच्या जागी वळता येतं. पट्ट्याच्या मशीनला मागे घेताना मात्र बरेचदा कंबरेचा जोर लावावा लागतो. झाडं, बाक, कोपरे जास्त असतील तर संध्याकाळी हा फरक खांद्यांना कळतो. वळताना एक चाक जागेवर खिळवून ठेवलं तर गवत दोन्ही मशीन्स सारखंच उखडतात. तो दोष हाताचा.

गवत ओलं असेल तर पट्ट्यात पाणी जाऊन तो घसरतो. पट्ट्यांवरचं झाकण शाबूत असेल तर कमी, पण घसरतो. हायड्रोला ही अडचण नाही. अर्थात ओल्या उतारावर कोणतंच मशीन नेऊ नये, कारण तिथे आधी माणसाचा पाय घसरतो.

उताराचा नियम

बसून चालवायचं मशीन उतारावर वर-खाली चालवतात. वॉक-बिहाइंड आडवं चालवायचं. कारण सरळ आहे: खाली येताना तुम्ही घसरलात तर पाय डेककडे जातात आणि वर जाताना मशीन मागे आलं तर तुमच्या अंगावर येतं. आडवं चालताना तुम्ही पडलात तर मशीनच्या बाजूला पडता. साधारण १५ अंशांपर्यंतचाच उतार धरावा. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत त्याहून कमी दिला असेल तर तो अंतिम. भिंतीची कड, खड्डा, पाण्याची चारी यांच्याजवळची पट्टी हातातल्या ट्रिमरसाठी सोडून द्यावी.

तुमच्या जागेत उतार जास्त असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हायड्रो घ्या, डेक एक आकार लहान चालेल. मागे जोडून उभं राहायचा चाकांचा फळा, म्हणजे सल्की, सपाटीवर पाय वाचवतो. उतारावर तो काढून ठेवायचा.

खोक्यातून बाहेर काढल्यावर

दोन्ही मशीन्स अर्धवट जोडलेली येतात. हँडल, लिव्हरच्या सळ्या, कधी पुढची कॅस्टर (कुठेही वळणारी) चाकं आपल्याला बसवावी लागतात. इंजिनात ऑइल बहुधा नसतं. खोक्यावरची चिठ्ठी न वाचता दोरी ओढली की नवं इंजिन पहिल्याच दिवशी कामातून जातं. मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. एकात कमी असेल तर डेक तिरका बसतो, गवत पायऱ्या-पायऱ्यांनी कापलं जातं आणि लोक दोष पात्याला देतात.

पट्ट्याच्या मशीनमध्ये खरं काम सळ्यांच्या लांबीचं. दोन्ही लिव्हर सोडल्यावर दोन्ही पट्टे सारखेच ताणले जायला हवेत आणि पूर्ण दाबल्यावर दोन्ही ब्रेक सारखेच धरायला हवेत. नाहीतर मशीन कायम एका बाजूला ओढतं. नवे पट्टे पहिल्या काही तासांत सैल होतात. तेव्हा ताण पुन्हा बघावा लागतो. हे सगळं साध्या पान्यांनी होतं, आणि एकदा केलं की मशीन समजतं.

हायड्रोत दोन गोष्टी जास्त. पहिली, ऑइलमधली हवा काढणं: मागची चाकं घोड्यांवर (जॅक स्टँडवर) उचलून, बायपास, म्हणजे चाकं ऑइलच्या अडवणुकीतून मोकळी करणारा व्हॉल्व्ह, उघडा ठेवून लिव्हर सावकाश पुढे-मागे करायची, मग बायपास बंद करून तेच पुन्हा, मधेमधे ऑइलची पातळी बघत. दुसरी, न्यूट्रल जुळवणं: लिव्हर मधोमध असताना चाक हळूहळू सरकत असेल तर ते थांबवणं. दोन्ही कामांत इंजिन चालू आणि चाकं फिरती असतात. फक्त जॅकवर उचललेल्या मशीनपाशी हे करू नये. घोडे लावलेच पाहिजेत. पहिल्यांदा जुळवणी विक्रेत्याकडून करून घ्यावी आणि शेजारी उभं राहून बघावी.

बायपास हा हायड्रोचा विसरला जाणारा कोपरा. बंद मशीन ढकलायचं तर तो उघडावा लागतो, आणि उघडा असेपर्यंत ऑइलचा ब्रेक अजिबात लागत नाही. रॅम्पवर असं मशीन सोडलं तर ते गाडी सोडून खाली येतं. ढकलून झालं की लगेच बंद करायचा.

पहिली कापणी करायच्या आधी

इथे दोन्ही प्रकार सारखेच, आणि इथे घाई करू नये. पात्याला इंजिनाची ताकद जोडलेली असताना इंजिन सुरू व्हायला नको. सुरू झाल्यावर, पातं फिरत असताना हँडलवरची धरून ठेवायची सुरक्षा-लिव्हर सोडली की, मशीनच्या रचनेप्रमाणे, पातं थांबलं पाहिजे किंवा इंजिन बंद पडलं पाहिजे. हे रोज सकाळी तपासायला अर्धा मिनिट पुरतो. कामाच्या जागी ही लिव्हर टेपने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकलेली दिसते, कारण बोटं दुखतात. बोटं दुखत असतील तर माणूस बदला, विश्रांती द्या. पट्टी कापून टाका.

अमेरिकेत घरगुती, चालत चालवायच्या मोवरसाठी कायदेशीर नियम आहे: हात सोडल्यावर पातं ३ सेकंदांत थांबलं पाहिजे. हा नियम ग्राहकांच्या मशीन्सपुरता आहे. व्यावसायिक मशीनला तोच आकडा गृहीत धरू नका. मोठ्या डेकची जड पाती जास्त वेळ फिरत राहू शकतात, म्हणून हात खाली न्यायच्या आधी आवाज पूर्ण थांबू द्या.

पात्याच्या टोकाच्या वेगाला अमेरिकी मानकात मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर. व्यावसायिक मशीन्स या मर्यादेच्या फार खाली नसतात. या वेगाने उडालेला खडा किंवा तारेचा तुकडा कुठे जाईल, ते कापलेलं गवत बाहेर फेकणाऱ्या बाजूच्या तोंडावर लटकणारं झाकण ठरवतं. ते झाकण वर बांधून ठेवलेलं, वाकलेलं किंवा गायब असेल तर मशीन सुरू करायचं नाही. तोंड माणसांकडे, रस्त्याकडे किंवा काचांकडे ठेवायचं नाही.

देखभालीत कोण सोपं

पट्ट्याचं मशीन जास्त वेळा हात मागतं, पण साधं काम मागतं. पट्ट्यांखाली साचलेलं गवत काढणं, काठ फाटलाय का, आतली बाजू काचेसारखी चकचकीत झालीय का ते बघणं, ताण देणाऱ्या पुलीचं बेअरिंग हाताने फिरवून खरखर ऐकणं. ऑइल-ग्रीस पट्ट्याला लागू न देणं. एखादा पट्टा सुटे भाग ठेवायच्या डब्यात असेल तर दिवस वाया जात नाही.

हायड्रो कमी वेळा हात मागतं, पण स्वच्छता मागतं. पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल, वेळेवर फिल्टर, पंपावरचा पंखा आणि त्याला गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या (फिन) गवतापासून मोकळ्या. ऑइल भरताना झाकणाभोवतीची माती आधी पुसायची. आत गेलेले चार कण पंप घासतात आणि त्याची तक्रार कित्येक महिन्यांनी येते. होजमधून बारीक गळती आहे का हे बोटाने चाचपून कधीही बघू नका. दाबाखालचं ऑइल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून कातडीच्या आत शिरतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण तासाभराचाही विलंब न करता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा होजजवळ फिरवायचा, डाग पडेल तिथे गळती.

पात्याचं काम दोन्हीकडे एकच. स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधायची. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही वायरी. किल्ली खिशात. पुढची बाजू उचलून घोड्यांवर. फिरू नये म्हणून पात्याला लाकडी ठोकळा, हातात जाड मोजे. पातं काढलं की धारेपेक्षा आधी एक जागा बघा: सपाट भाग जिथे वर वळतो, तो वाक. वाळू तिथेच घासते. मागच्या बाजूने नखाने चाचपलं तर पातळ झालेली खाच लागते, कधी केसाएवढी चीर दिसते. अशी चीर असलेलं पातं धार लावायला नाही, भंगारात. वाकलेलं पातं ठोकून सरळ करणं किंवा वेल्डिंग करणं हेही नाही. धार मूळ कोनातच, दोन्ही टोकांना सारखी, आणि नंतर खिळ्यावर टांगून तोल. तोल गेलेलं पातं स्पिंडलचं, म्हणजे पातं बसतं त्या फिरत्या दांड्याचं, बेअरिंग खातं आणि कंप थेट हँडलमध्ये येतो. बसवताना वर वळलेला भाग डेककडे आणि बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कला. ‘हाताने घट्ट’ हे माप नव्हे.

इंजिनाचं वेळापत्रक जास्त करून इंजिन कोणाचं यावर ठरतं, चाकांच्या रचनेवर नाही. पहिलं ऑइल लवकर, पुढचं ५० ते १०० तासांनी, हा ढोबळ अंदाज. पेट्रोल गार इंजिनातच, आणि बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवायचं नाही. कानांना मफ हवेतच. ८५ डेसिबलच्या वर दिवसभर राहिलं की ऐकणं कमी होतं, आणि ही मशीन्स सहज त्यावर जातात.

मग कोणी काय घ्यावं

सपाट, मोकळी जागा, एकच सवयीचा चालक, दुरुस्ती स्वतःच्या हाताने: पट्ट्याचं घ्या. ते हलकं असतं, स्वस्त असतं, आणि वाचलेल्या पैशांतून फिक्स्डऐवजी फ्लोटिंग डेक घेता येतो. फिक्स्ड डेकची उंची बदलायला कॅस्टर आणि स्पिंडलवरचे वायसर हलवावे लागतात. फ्लोटिंगला लिव्हर किंवा पिना पुरतात. उंची दर आठवड्याला बदलत असाल तर हा खर्च पट्टा-हायड्रोच्या वादापेक्षा आधी करावा.

उतार, अडथळे, बदलते चालक, किंवा दिवसाला सहा तासांहून जास्त काम: हायड्रो. पण ऑइल-फिल्टरची नोंद ठेवणारं कोणीतरी हवं. तसं कोणी नसेल तर पट्ट्याचंच बरं.

बॅटरीवरची मशीन्स आवाज, धूर आणि कंपन यांत दोघांच्या पुढे आहेत. पण दिवसभर पुरेल एवढ्या बॅटऱ्या आणि चार्जिंगची जागा यांचा हिशेब आधी करा. पात्याला हात लावायच्या आधी बॅटरी काढायची, हे तिथे वायर काढण्याच्या जागी.

जुनं घेत असाल तर डेकवर स्पिंडल बसतात त्याभोवतीच्या वेल्डिंगला चिरा बघा आणि मशीन गार असताना सौदा करू नका. वीस-तीस मिनिटं चालवून, ऑइल चांगलं गरम झाल्यावर चढावर न्या. थकलेला पंप गार असताना नव्यासारखा ओढतो; गरम झाल्यावर एक चाक मागे पडलं की किंमत नव्याने बोलायची, नाहीतर निघायचं.