लाल की पांढरा: जुगाराचा हिशेब मांडणारा एक शालेय नाट्यप्रयोग

आमच्या शाळेत गेल्या महिन्यात आठवी-नववीच्या मुलांसाठी एक नाट्यप्रयोग आणि त्याला जोडून चर्चासत्र झाले. सोलापुरातील काही हौशी रंगकर्मी मिळून हा कार्यक्रम शाळाशाळांतून करतात. दर विद्यार्थ्यामागे 60 रुपये, किमान 80 विद्यार्थी आणि पावणेदोन तासांचा वेळ एवढी त्यांची अट असते. जुगार, तंबाखू, मोबाइल अशा विषयांवरचे कार्यक्रम शाळेकडे वर्षभर येत असतात आणि त्यांतले बहुतेक शेवटच्या घोषणेबरोबरच विसरले जातात. हा विसरला गेला नाही. मधल्या सुट्टीत मुले त्यातल्या कोंबड्यांवरून अजून वाद घालतात आणि शिक्षकांच्या खोलीत आमचाही वाद संपलेला नाही, म्हणून इतर शाळांतील शिक्षकांच्या आणि पालकांच्या माहितीसाठी हे लिहीत आहे.

प्रयोग ज्या एकांकिकेवर बेतलेला आहे ती फिलिपिन्समधली आहे. फ्रान्सिस्को ‘सोक’ रॉद्रिगो यांची ‘सा पुला, सा पुती’, म्हणजे ‘लालवर, पांढऱ्यावर’. रॉद्रिगो पेशाने वकील होते आणि 1955 ते 1967 या काळात त्या देशाच्या सिनेटचे सदस्य होते. गोष्ट एका साध्या घरातली आहे. कुलास या गृहस्थाला कोंबड्यांच्या झुंजीचा नाद लागलेला आहे आणि तो सारखा हरतो. त्याची बायको सेलिंग त्याला खेळायला पैसे देते, पण त्याच वेळी तेबान नावाच्या गड्याकरवी गुपचूप समोरच्याच्या कोंबड्यावर पैसे लावते, म्हणजे नवरा हरला की बायको जिंकते आणि घरातले घरात राहते. मग कास्तोर नावाचा मुरलेला जुगारी कुलासला युक्ती शिकवतो, की आपल्याच कोंबड्याच्या मांडीत सुई टोचून त्याला अधू करायचे आणि पैसे समोरच्यावर लावायचे. कुलास तसे करतो, सेलिंगही नेहमीप्रमाणे समोरच्याच कोंबड्यावर पैसे लावते, आणि नेमका त्या दिवशी सुई टोचलेला कोंबडा जिंकतो. दोघांचेही पैसे जातात आणि कुलास तो नाद सोडतो.

मराठी रूपांतर करताना गटाने पात्रांची नावे बदलली नाहीत, पेसोचे रुपये केले नाहीत, कुलासचा कुलकर्णी केला नाही, हे मला फार आवडले. परक्या देशातली गोष्ट आपल्या अंगणात ओढून आणली की मुलांना ती लगेच आपल्या ओळखीच्या साच्यात बसवता येते आणि मग ती विचार करायचे थांबवतात. इथे त्यांना आधी त्या घरात पाहुण्यासारखे जावे लागले. तेबान मालकिणीशी बोलताना वाक्यात ‘पो’ हा आदराचा शब्द घालतो, तो तसाच ठेवला होता. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे आणि अर्ध्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे आदरासाठी ‘चेप्पु’चे ‘चेप्पंडी’ होते, तसेच हे आहे, हे कोणी समजावून सांगण्याआधी मुलांनीच ओळखले. धाकट्याने थोरल्याचा हात आपल्या कपाळाला लावण्याची ‘मानो’ची रीतही प्रयोगात अशीच सहज येते. सुई टोचून कोंबडा मैदानावर नेण्याआधी कुलास कास्तोरला मान देण्यासाठी त्याचा हात कपाळाला लावतो, तेव्हा आदर चुकीच्या माणसाला दिला जातो आहे हे एकही वाक्य न बोलता कळते. रूपांतराची ही जागा मला सर्वांत हुशारीची वाटली.

कोंबडे लाल आणि पांढऱ्या टर्किश टॉवेलचे शिवलेले होते. टॉवेल सोलापूरचेच, शिलाई घरची, तुरा जुन्या मोज्याचा, आणि तरीही ते जिवंत वाटत होते, कारण नटांनी ते खेळणी म्हणून हाताळले नाहीत. सुईच्या प्रसंगात कुलास कोंबड्याला काखेत धरतो, त्याच्या मानेवरून दोनदा हात फिरवतो, तिसऱ्यांदा हात मांडीपर्यंत येऊन थबकतो, आणि मग तो प्रेक्षकांकडे पाठ करतो. सभागृहात 140 मुले होती आणि पंख्यांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हते. आपल्याच हाताने वाढवलेल्या जिवाला आपणच अधू करायला निघालेला माणूस मुलांनी पाठीकडून पाहिला; जुगार माणसाचे काय करतो याविषयी मी आजवर वर्गात जे काही बोलले आहे, ते सगळे मिळून त्या पाठीएवढे बोलके नव्हते.

झुंजीचा प्रसंग गटाने पडद्यामागे ठेवला आहे आणि रंगमंचावर फक्त पैजा लावणाऱ्यांचा गलका आहे. कोंबड्यांच्या झुंजीला तिकडे ‘साबोंग’ म्हणतात आणि पैजा गोळा करणाऱ्याला ‘क्रिस्टो’, कारण तो दोन्ही हात फैलावून उभा राहतो तेव्हा क्रुसावरच्या ख्रिस्तासारखा दिसतो. हा माणूस कागद वापरत नाही. बोटांच्या खुणांवर कोणी, किती, कोणाच्या बाजूने लावले हे सगळे लक्षात ठेवतो. नटाने या खुणा मुलांना शिकवल्या आणि पाच मिनिटांत सगळे सभागृह हात वर करून पैजा लावू लागले. ओरडण्याची, रंग निवडण्याची, शेजाऱ्यापेक्षा आपण अधिक ओळखतो असे वाटण्याची ती झिंग मुलांना स्वतःच्या अंगात जाणवली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, हे तर कोडी पंदेम!’’ संक्रांतीला आंध्रात होणाऱ्या कोंबड्यांच्या झुंजी त्याने आजोळी पाहिल्या होत्या. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा झुंजी लावणे हा गुन्हा आहे, हे गटातल्या सरांनी तिथल्या तिथे सांगितले, पण त्या मुलाला गप्प केले नाही. त्याला पुढे बोलावून त्याने काय पाहिले ते विचारले. असे शांतपणे ऐकून घेणारा कार्यक्रम मी प्रथमच पाहिला.

चर्चासत्रातला सर्वांत मोलाचा भाग चिंचोक्यांचा होता. दोन मुलांना नवरा-बायको केले आणि दोघांना मिळून 100 चिंचोके दिले. दर फेरीत नवऱ्याने लालवर 20 लावायचे आणि बायकोने पांढऱ्यावर 20. कोणीही जिंकले तरी घरातले घरात राहणार, असे सगळ्यांना वाटले. पण मैदानाचा मालक जिंकणाऱ्याकडून आपला वाटा कापून घेतो, त्याला तिकडे ‘प्लासादा’ म्हणतात. तो दहा टक्के धरला, तर हरणाऱ्याचे 20 जातात आणि जिंकणाऱ्याला 18 च मिळतात. म्हणजे कोणताही कोंबडा जिंको, घरातून फेरीमागे दोन चिंचोके बाहेर पडतात. दहा फेऱ्यांनंतर टेबलावर 80 उरले आणि मालकाच्या वाटीत 20 जमले, तेव्हा नवरा झालेल्या मुलाने ते पुन्हा मोजून पाहिले. मटका, रमीचे ॲप, क्रिकेटवरचा सट्टा यांचे सगळे गणित या वाटीत आहे, आणि ते आठवीच्या मुलाला चिंचोक्यांनी कळते. नुसत्या या अर्ध्या तासासाठीही 60 रुपये योग्य आहेत, असे माझे मत आहे.

सोलापूरच्या मुलांसमोर मटक्याचा उल्लेख नुसता येऊन चालत नाही, त्याला मुळापासून सांगावे लागते, आणि गटाने ते केले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लावला जात असे, ते भाव येणे बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली आणि खेळाला मटका हे नाव पडले. ज्या शहरात कापसाने घरे चालवली, त्या शहरातल्या मुलांना त्याच कापसाच्या भावातून हा नाद निघाला हे कळायलाच हवे. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत गिरणीचा पगार झाला की काही घरांतून त्या रात्री भांड्यांचे आवाज येत, आणि ‘ओपन’, ‘क्लोज’ हे मटक्यातले शब्द आम्हाला इंग्रजी शिकण्याच्या आधी कळत होते.

आता तक्रारीकडे येते. सुरुवातीची वीस मिनिटे पडद्यावरच्या चित्रांत गेली. समुद्रकिनारे, बानावेच्या डोंगरउतारावरची भातखाचरे, पारंपरिक पोशाख. चित्रे सुंदर होती, पण ती नाटकाला कोठेही लागू पडत नव्हती आणि मुले कंटाळली. त्याऐवजी फळ्यावर तागालोग या तिथल्या भाषेतले चार शब्द लिहिले होते, तेवढेच ठेवावेत: गुरो, मुखा, आसा, दुखा. पहिला शब्द शिक्षक, दुसरा चेहरा, तिसरा आशा आणि चौथा गरीब. संस्कृतातून समुद्रापलीकडे गेलेले हे शब्द मुलांनी स्वतः ओळखले, आणि आशा व दुःख हे दोन शब्द जुगाराच्या नाटकाआधी फळ्यावर शेजारी शेजारी असणे यापेक्षा चांगली प्रस्तावना दुसरी नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. निवेदक ओघात म्हणून गेले की फिलिपिनी माणसाच्या रक्तातच साबोंग आहे. झुंजीची परंपरा जुनी आहे हे खरेच. मॅगेलनच्या सफरीचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने 1521 मध्ये पालावान बेटावर ती पाहून लिहून ठेवली आहे. पण त्याच देशात राष्ट्रनायक मानले जाणारे लेखक होसे रिझाल यांनी 1887 च्या आपल्या पहिल्या कादंबरीत झुंजीच्या आखाड्यावर एक प्रकरण खर्च करून या नादावर टीका केली. आपल्याकडचा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदाही त्याच 1887 सालचा. पुढे 1974 च्या कायद्याने तिथे झुंजींना मुख्यतः रविवार आणि सुट्ट्यांपुरते बांधले, आणि त्यातही रिझाल यांच्या स्मृतिदिनी, 30 डिसेंबरला, झुंजींना मनाई ठेवली. मोबाइलवरून चालणारी ‘ई-साबोंग’ 2022 च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने बंद केली. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 मध्ये केला. नाद आणि नादाविरुद्धचे बोलणे, दोन्ही त्या संस्कृतीचीच अंगे आहेत, आणि हे नाटक तर एका फिलिपिनी माणसानेच लिहिलेले आहे. निवेदकांना मी हे नंतर भेटून सांगितले. त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले आणि वहीत लिहून घेतले.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की मतभेद, हे मला ठरवता आलेले नाही. गटाने वाटलेल्या कागदावर प्रश्न होता: ‘सेलिंगचा निर्णय शहाणपणाचा होता का?’ आणि चर्चेचा सगळा कल ‘होय, तिने घर वाचवले’ या उत्तराकडे होता. चिंचोक्यांचा हिशेब नुकताच उलटे सांगून गेला होता, तरीही. तेव्हा नववीतली एक मुलगी उठली. तिची आई विड्या वळते आणि ही पोर एरवी वर्गात हजेरीपलीकडे तोंड उघडत नाही. ती म्हणाली, ‘‘पण सर, ती त्या दिवशी हरली नसती, तर तो कधी थांबला असता?’’ सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि मग त्यांनी तिलाच पुन्हा विचारले. ती म्हणाली, की पैसे परत येतात हे सेलिंगला माहीत होते म्हणून ती भांडली नाही, आणि ती भांडली नाही म्हणून तो खेळत राहिला. नुकसान झाकणे आणि नुकसान थांबवणे यांतला फरक तिने कोणाच्या मदतीशिवाय ओळखला होता. इतर शाळांनी हा कार्यक्रम बोलावला, तर चर्चेला किमान एक तास द्यावा आणि तो प्रश्नांचा कागद बाजूला ठेवायला सांगावे, अशी माझी सूचना आहे.

पाचवी-सहावीच्या मुलांना हा प्रयोग दाखवू नये. सुईचा प्रसंग त्यांना जड जाईल. ध्वनिव्यवस्था गटाकडे नाही, ती शाळेलाच करावी लागते, आणि मागच्या रांगांना तेबानचे बरेच बोलणे ऐकू आले नाही.

पुढच्या पालकसभेला हाच प्रयोग मुलांच्या आयांसाठी करावा, असे आम्ही गटाला विचारले आहे आणि त्यांनी होकार कळवला आहे. चित्रांचा भाग वगळायचा, फळ्यावरचे चार शब्द ठेवायचे आणि चिंचोके शाळेने जमवायचे, असे ठरले आहे. त्या मुलीने काल दोन मुठी चिंचोके आणून माझ्या टेबलावर ठेवले.